कप उलटा करून पाहा

न्यूझीलंडला आलेल्या मराठी कुटुंबाचं पहिलं घर साधारण सारखंच असतं. वेअरहाउस नाहीतर केमार्टमधून आणलेली भांडी, परत जाताना कुणीतरी देऊन गेलेला सोफा आणि विमानाच्या वजनात बसली तेवढी एक समई. जुन्या वस्तूंचा नाद लागतो तो नंतर, आणि बहुधा ऑप शॉपमध्ये. साल्व्हेशन आर्मी, हॉस्पिस, सेंट जॉन यांची ही दुकानं प्रत्येक गावात असतात. माणूस पडद्याचं कापड शोधायला शिरतो आणि दोन डॉलरची बशी घेऊन बाहेर पडतो. काही वर्षांत गराजमध्ये गाडीला जागा उरत नाही. या दोन टप्प्यांच्या मधे कुठेतरी असलेल्या वाचकांसाठी हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी विषय ठरवा. ‘जुनं काहीही’ हा विषय नव्हे, ती अडगळीची पूर्वतयारी आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत, पण त्यांतून एक माग सरळ दिसतो: रोजच्या वापरातल्या, कुणीतरी हात लावून घडवलेल्या वस्तू. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, दौती. डॉ. दिनकर केळकर चष्म्याच्या व्यवसायातले, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे. 1920 च्या सुमारास त्यांनी गोळा करायला सुरुवात केली आणि 1990 मध्ये जाईपर्यंत तो नाद सोडला नाही. त्यांच्याइतका पसारा तुम्हाआम्हाला झेपणार नाही. म्हणून विषय आणखी अरुंद घ्या: फक्त चहाचे कप, फक्त पितळी दिवे, एकाच कारखान्याची भांडी, फक्त बटणं. अरुंद विषयात नजर लवकर तयार होते, आणि दुकानदाराला जे कळलं नाही ते तुम्हाला कळायला लागतं. या छंदातला खरा आनंद तोच आहे.

विषय सुचत नसेल तर या देशाचीच एक वस्तू सुचवतो: क्राउन लिन. पश्चिम ऑकलंडमधल्या न्यू लिनमध्ये विटा आणि सांडपाण्याचे पाइप भाजणारा एक कारखाना होता. टॉम क्लार्क यांनी तिथे भांड्यांचा विभाग काढला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडहून येणारी कपबशी थांबली, लष्कराला आणि रेल्वेला कप हवे होते, तेव्हा या विभागाचं बस्तान बसलं. 1948 मध्ये ‘क्राउन लिन’ हे नाव आलं. सरकारने आयातीवर निर्बंध ठेवले होते तोवर घराघरांत हीच भांडी होती. निर्बंध सैल झाले, स्वस्त माल आत आला आणि 1989 मध्ये कारखाना बंद पडला. आज त्याच गावात ‘ते तोइ उकु’ नावाचं छोटं संग्रहालय आहे. विकत घेण्याआधी एक दुपार तिथे घालवा, कारण काचेआडची अस्सल वस्तू डोळ्यांत बसली की दुकानातली खोटी आपोआप खटकते.

आता एक कप हातात घेऊन बघू. गराज सेलमध्ये टेबलावर जाड, पांढरा, ओबडधोबड वाटणारा कप आहे आणि त्यावर रेल्वेची ‘एनझेडआर’ ही अक्षरं आहेत. आपल्याकडे गाडी कर्जतला थांबली की वड्यासाठी जशी झुंबड उडायची, तशी इथे तायहापे किंवा फ्रँकटनला चहा आणि पायसाठी उडत असे. धक्काबुक्कीत टिकावा म्हणून तो कप इतका जाड. उचलला की वजन आधी जाणवतं. लगेच उलटा करा. तळाला कारखान्याचा शिक्का आहे का पाहा. नसला तरी निराश होऊ नका, आणि असला तरी हुरळून जाऊ नका. रेल्वेचे जुने कप बाहेरूनही येत. तळाचं ते गोल कडं, ज्यावर कप टेकतो, तिथे झिलई नसते. खरोखर वापरलेल्या कपाच्या त्या कड्यात वर्षानुवर्षांचा मळ मुरलेला असतो आणि चरे सगळ्या दिशांनी गेलेले असतात. मुद्दाम जुना केलेला माल पाहा, चरे एकाच दिशेने असतात. मग काठावरून नख फिरवा, टवका डोळ्यांना दिसायच्या आधी नखाला लागतो. फोनचा दिवा आत धरा, केसाएवढी चीर दिसेल. टिचकी मारा. चिरलेला कप बद्द वाजतो. जुनी दुरुस्ती पकडायला काही मुरलेले व्यापारी कड दातावर टेकवून पाहतात, कारण भरलेला रंग झिलईपेक्षा मऊ लागतो. गराज सेलमध्ये हे करू नका, लोक बघतात.

क्राउन लिनमध्येही वरचा-खालचा माल आहे. वरचा म्हणजे इंग्लंडहून आलेले अर्नेस्ट शफलबॉटम यांनी 1948 नंतर चाकावर काढलेल्या पांढऱ्या, आडव्या वळ्यांच्या फुलदाण्या, किंवा 1953 मध्ये आलेले डच चित्रकार फ्रँक कारपे यांचा ‘हांडवर्क’ नावाचा हाताने रंगवलेला माल. कारपेंचं काम तेव्हा खपलं नाही, तीन वर्षांत ते बंद करावं लागलं. आज त्याच मालासाठी लिलावात चढाओढ लागते. ‘आज खपत नाही’ म्हणून एखादी वस्तू टाकून देण्याआधी कारपेंची आठवण ठेवावी. मात्र त्याच न्यायाने ‘उद्या भाव येईल’ म्हणून न आवडणारं घेऊन ठेवू नये. जुन्या वस्तूंकडे गुंतवणूक म्हणून बघणाऱ्यांनी मुदत ठेव करावी, तिला धूळ पुसावी लागत नाही.

इंग्लिश भांडी घेत असाल तर तीन-चार खुणा पाठ करा. शंकरपाळ्याच्या आकाराचा नोंदणी शिक्का 1842 ते 1883 या काळातला. 1884 पासून नुसता ‘आरडी’ आणि क्रमांक येतो. तळाला ‘इंग्लंड’ हे देशाचं नाव असेल तर वस्तू बहुधा 1891 नंतरची, कारण त्या सुमारास अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन इंग्लंड’ हे त्याही पुढचं, विसाव्या शतकातलं. चांदीच्या बाबतीत ‘ईपीएनएस’ ही अक्षरं दिसली की समजा, वर नुसता मुलामा आहे. अस्सल इंग्लिश चांदीवर चालणारा सिंह असतो. न्यूझीलंडमध्ये चांदी तपासून शिक्का मारणारी सरकारी व्यवस्था नाही, तेव्हा इथल्या सोनारांच्या कामावर फक्त त्यांची स्वतःची खूण मिळेल.

मराठी माणसाला इथे एक फुकटचा फायदा आहे, आणि तो फार कमी जण वापरतात. ऑप शॉपच्या मागच्या फळीवर ‘एशियन ब्रास’ अशी चिठ्ठी लावलेल्या ढिगात गुलाबदाणी असते, पानाचा डबा असतो, बनारसी नक्षीचं तबक असतं. साम्राज्याच्या काळात हिंदुस्थानी पितळ इंग्रजी घरांतून जगभर पोचलं, तसं इथेही आलं. विकणाऱ्याला ते काय आहे हे ठाऊक नसतं, तुम्हाला असतं. लोहचुंबक खिशात ठेवा. तो चिकटला तर पितळेचं फक्त पाणी चढवलेलं आहे. झीज कुठे आहे ते पाहा. हात जिथे खरोखर लागतो, म्हणजे कडीच्या आतल्या बाजूला, झाकणाच्या बोंडावर, तिथे नक्षी पुसट हवी. सगळीकडे सारखीच पुसट असेल तर ती आम्लाने केली आहे. आणि गळ्याच्या आसपास बोट फिरवा. ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव लागलं तर ते भांडं कुणाच्या तरी रुखवतातलं आहे. नाव, कधी गाव, कधी साल. घरून आणलेल्या भांड्यांवरही अशी नावं असतील. ती पितांबरीने रगडू नका. देवापुढची समई दर सणाला लखलखीत करावी, तिचं कामच ते आहे. पण कपाटात ठेवायचा शंभर वर्षांचा गडू लखलखीत केला की त्याचं नावही जातं आणि रंगही. त्याला मऊ कापड पुरे.

भारतातून इथे आलेल्या वस्तूंत सगळ्यात नवलाची म्हणजे ‘तमिळ घंटा’. विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला 1830 च्या दशकात उत्तरेकडे, वांगारेईच्या परिसरात, माओरी स्त्रिया एका कांस्याच्या भांड्यात बटाटे उकडताना दिसल्या. ते भांडं म्हणजे तुटलेली जहाजाची घंटा होती, आणि तिच्यावर तमिळ अक्षरांत लिहिलं होतं की ही मोहैद्दीन बक्ष याच्या जहाजाची घंटा. ती इथवर कशी आली हे आजही कोडंच आहे. वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात ती आहे. कोलेन्सोने ती कुठे, कुणाकडे, कोणत्या अवस्थेत पाहिली हे सांगून ठेवलं नसतं, तर आज तो कांस्याचा एक फुटका तुकडा ठरला असता.

म्हणून वही. संग्राहक आणि भंगारवाला यांच्यात फरक करणारी गोष्ट वहीच आहे, पैसा नव्हे. वस्तू घरात आली त्याच दिवशी लिहा: काय, कुठून, केवढ्याला, विकणारा काय म्हणाला, कुठे टवका आहे. वस्तूला क्रमांक द्या, सोबत दोन फोटो, एक तळाचा. ‘ही माझ्या आजीची, ती ओमारूत राहायची’ असं विकणारीने सांगितलं तर ते वाक्य तिच्याच शब्दांत उतरवा, कारण वस्तूची कुळकथा एकदा हरवली की परत मिळत नाही. घरच्या वस्तूंसाठीही हेच करा, आणि लवकर करा. आई-आजी सुट्टीला इथे आल्या की त्यांच्यासमोर एकेक भांडं ठेवून विचारा. अर्धी माहिती त्यांच्याकडेच आहे.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण यात चूक झाली तर वस्तू हातची जाते आणि कधीकधी प्रकरण कोर्टात जातं.

भारताचा पुरावशेष व कलावस्तू कायदा 1972 चा, अंमल 1976 पासून. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, नाणं, चित्र, धातूकाम खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. ‘आमच्या देव्हाऱ्यातली आहे, पणजोबांपासूनची’ हे कारण विमानतळावर चालत नाही. उलट आपण स्वतःच वय कबूल केलेलं असतं. वस्तू जुनी दिसते पण तितकी जुनी नाही, अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र निघण्याआधी घ्यावं. घरातले जुने टाक भावाकडे किंवा बहिणीकडे राहू द्यावेत हे माझं स्पष्ट मत. तिकडून आणायचंच असेल तर आजच्या कारागिरांचं आणा. सावंतवाडीला आजही हाताने रंगवलेली गंजिफा मिळते. तिच्यावर कुठलाच कायदा आडवा येत नाही, आणि तुमच्या नातवंडांच्या काळात ती जुनी झालेली असेलच.

न्यूझीलंडच्या दारात उभे राहिलात की प्रश्न वेगळा असतो. इथे वस्तूच्या वयाशी देणंघेणं नाही, तिच्यात किडा किंवा बी आहे का एवढंच बघतात. लाकूड, बांबूचं सूप, गुंजांची माळ, रुद्राक्ष, मोरपीस, कवड्या, मातीचा कण राहिलेलं पितळ, हे सगळं प्रवासी घोषणापत्रात लिहा. लिहिलंत तर फार तर तपासतील, धुरी देतील किंवा ठेवून घेतील. लपवलंत तर जागेवर 400 डॉलर दंड. हस्तिदंताची फणी किंवा डबी कितीही जुनी असली तरी परवान्याशिवाय आणू नका. दुर्मीळ प्राण्या-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार आड येतो. शिसवीच्या लाकडालाही तो करार लागू आहे, मात्र खेपेमागे दहा किलोंपर्यंतच्या तयार वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणजे पाट चालेल, झोपाळ्याच्या आधी चौकशी करा.

तिसरा कायदा इथल्या मातीतला. माओरी संस्कृतीशी निगडित, पन्नास वर्षांहून जुन्या वस्तूंना ‘ताओंगा तुतुरु’ म्हणतात आणि 1975 च्या संरक्षित वस्तूंच्या कायद्याने त्यांची खरेदी-विक्री नोंदणीकृत संग्राहक, परवानाधारक विक्रेते आणि सार्वजनिक संग्रहालयं यांच्यापुरतीच ठेवली आहे. बागेत खणताना दगडी कुऱ्हाड सापडली तर ती तुमची होत नाही. प्रथमदर्शनी ती राज्याची, आणि 28 दिवसांत संस्कृती मंत्रालयाला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवावं लागतं. ज्या जमातीची ती ठेव, तिचा हक्क तिथून पुढे ठरतो. गराज सेलमध्ये कुणी ‘जुनं माओरी’ म्हणून काही पुढे केलं तर हात मागे घ्या. त्यातून जुन्या हिरव्या दगडाच्या ‘हेई तिकी’ या गळ्यातल्या पदकातही गंमत आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला न्यूझीलंडचा दगड जर्मनीत इडार-ओबरश्टाइनला जात होता आणि तिथले कारागीर बाजारासाठी तिकी कोरून पाठवत होते.

खरेदीच्या जागांबद्दल थोडक्यात. ऑप शॉपमध्ये घासाघीस करू नका, पैसा धर्मादाय कामाला जातो. गराज सेलमध्ये खुशाल करा, पण सकाळी लवकर जा आणि रोख सुटे न्या. पुण्याच्या जुन्या बाजारात निम्म्यावरून सुरू करायची सवय असेल तर ती इथे आवरा, माणसं दुखावतात. ट्रेड मीवर शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली तर लिलाव दोन मिनिटांनी लांबतो, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला बाजी मारायचा डाव फसतो; आपला आकडा आधी ठरवा आणि तिथे थांबा. डनबार स्लोन, वेब्ज, कॉर्डीज अशा लिलावघरांत हातोडा पडलेल्या किमतीवर खरेदीदाराचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो, तो धरूनच बोली लावा. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूला ग्राहक हमी कायद्याचं संरक्षण असतं, 2014 पासून लिलावातल्या खरेदीलाही. खासगी विक्रेत्याकडून घेताना ते नसतं.

वस्तू घरी आली की सगळ्यात मोठा धोका भूकंपाचा. 2010-11 मध्ये क्राइस्टचर्चला आणि 2016 मध्ये कायकोउराच्या भूकंपात कित्येक घरांच्या कपाटांतलं एकूण एक भांडं जमिनीवर आलं. ‘ते पापा’ची इमारत शिसं आणि रबराच्या आधारांवर तरंगती ठेवली आहे. आपल्याला संग्रहालयात वापरतात ते मेण पुरतं. वाटाण्याएवढे तीन-चार गोळे तळाला लावून दाबायचं, काढताना हलकेच पिळायचं. जड वस्तू खालच्या फळीवर, फळीला पुढे बोटभर पट्टी, कपाट भिंतीला पट्टीने बांधलेलं. विम्याचंही पाहा. सरकारी नैसर्गिक आपत्ती विम्यात पूर्वी घरातल्या सामानाला 20,000 डॉलरपर्यंत संरक्षण होतं, ते 2019 पासून नाही. आता जे काही आहे ते खासगी विम्यातून, आणि मौल्यवान वस्तू नाव घेऊन नोंदवल्या नाहीत तर बहुतेक कंपन्या ठरावीक मर्यादेच्या वर देत नाहीत. तुमची वही इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडते.

बाकी शत्रू छोटे. जुन्या लाकडात मोहरीएवढी भोकं दिसली आणि खाली ताजी पिवळसर भुकटी पडत असेल तर आत बोरर, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, जिवंत आहे. ते टेबल घरातल्या इतर लाकडापासून लांब ठेवा. पैठणी उन्हाच्या खिडकीसमोर फ्रेम करून टांगू नका, इथलं ऊन रंग खातं. सोनेरी काठाचा कप डिशवॉशरमध्ये घातला की काठ जातो. आणि जाळं पडलेल्या जुन्या झिलईच्या भांड्यात कढी, लोणचं, लिंबाचं सरबत वाढू नका. झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते बाहेर काढतात.

शेवटी एक प्रश्न, जो पन्नाशीतच सोडवावा: हे सगळं पुढे कुणाचं? डनीडिनचे व्यापारी डेव्हिड थिओमिन यांनी 1906 मध्ये पूर्ण झालेलं आपलं ‘ऑल्व्हस्टन’ हे घर जपानी तलवारी, चिनी जेड, चित्रं यांनी भरलं. त्यांची मुलगी डोरोथी 1966 मध्ये वारली आणि तिने घर सामानासकट शहराला दिलं. आज तिथे गेलात तर खुर्चीसुद्धा तिच्या जागेवर आहे. केळकरांनी आपला संग्रह हयातीतच महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला, लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव देऊन. देशाच्या दक्षिण टोकाला ब्लफ गावात फ्रेड आणि मर्टल फ्लुटी या जोडप्याने दिवाणखान्याच्या भिंतींवर झिलमिलते पॉवा शिंपले लावले होते, हजाराहून जास्त, आणि वर्षानुवर्षं ते येईल त्याला घर दाखवत. दोघं गेल्यावर शिंपले क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये गेले. जतन झाले, पण ब्लफच्या लोकांना ते रुचलं नाही. गावचं वैभव गावाबाहेर गेलं.

तुमचा संग्रह या तिघांएवढा नसेल, तरी तोडगा तोच: जिवंतपणी बोलणं. संग्रहालयाच्या दारात खोकं घेऊन उभे राहू नका; त्यांची तळघरं भरलेली असतात आणि बहुतेक देणग्या ती नाकारतात. आधी फोटो आणि वहीतली नोंद पाठवा. नोंद चांगली असेल तर एखाद-दुसरी वस्तू घेतीलही. मुलांना सगळं नको असतं, ते मनाला लावून घेऊ नका. त्यांना आजच एकेक वस्तू निवडायला सांगा आणि वहीत त्या क्रमांकासमोर नाव लिहा. उरलेल्यासाठी कोणत्या लिलावघराला फोन करायचा तेही लिहून ठेवा. नावं मात्र पेन्सिलीने लिहा, मुलं मतं बदलतात.